कुराणातल्या ‘अद-दुहा’ सूरेची पार्श्वभूमी आणि आशय काय आहे?

अद-दुहा ही कुराणातली 93वी सूरा (म्हणजे अध्याय), अवघ्या 11 आयतींची (वचनांची). क्रमाने शेवटाकडे असली तरी ती मक्केतल्या सुरुवातीच्या काळातली मानतात.

परंपरेनुसार पैगंबर मुहम्मदांकडे येणारा दैवी संदेश मध्ये थांबला होता. किती दिवस, याबद्दल कथनांत फरक आहे. ‘तुझ्या प्रभूने तुला सोडलं’ असे टोमणे मक्केतले विरोधक मारू लागले, तेव्हा ही सूरा आली. चढत्या सकाळची आणि शांत रात्रीची शपथ घेऊन ती धीर देते: प्रभूने तुला टाकलेलं नाही, पुढचं आधीपेक्षा चांगलंच असेल.

मला सर्वांत भिडतो तो यानंतरचा भाग. तू अनाथ होतास, आसरा दिला. वाट सापडत नव्हती, दाखवली. गरीब होतास, संपन्न केलं. हे पैगंबरांचंच आयुष्य आहे. वडील जन्माआधी गेले, आई आमिना सहाव्या वर्षी, मग आजोबाही. पुढे चुलते अबू तालिब यांनी वाढवलं. श्रीमंत व्यापारी असलेल्या खदीजांशी लग्न झाल्यावर आर्थिक ओढाताण संपली.

आणि लगेच आज्ञा येते: म्हणून अनाथावर जुलूम करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस, प्रभूची कृपा लोकांना सांग. स्वतः सोसलेल्या दुःखातून दुसऱ्याची जबाबदारी, हाच माझ्या मते सूरेचा गाभा.

जोडीला 94वी सूरा अश-शर्ह जरूर वाचा. तिचाही सूर धीर देण्याचाच आहे, आणि शिया परंपरेत नमाजात या दोन्ही एकत्र म्हणतात.