कोयता नेमका तुटतो कुठं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (वाळपईहून एक तरुण वाचक): काका, गेल्या दिवाळीत मी ऑनलाइन एक मोठी आउटडोअर सुरी घेतली. 10 इंचाचं पातं, डी-टू स्टील, रिव्ह्यू लिहिणारे सगळे म्हणत होते बिनधास्त काहीही तोडा. परवा आमच्या काजूच्या बागायतीत सुका बांबू तोडायला घेतली तर धारेला तीन दाते पडले, त्यातला एक करंगळीच्या नखाएवढा. बाबांनी तोच बांबू त्यांच्या जुन्या कोयत्यानं तोडला, त्याला काहीच झालं नाही. तो कोयता इथल्याच लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून केलेला. मग महागाचं स्टील कमजोर कसं? आणि माझी सुरी वाया गेली का? फोटो पाठवतोय.

उत्तर: वाया गेलेली नाही, ते आधी सांगतो म्हणजे तुझा जीव खाली पडेल.

फोटो मोठा करून बघितला. दाते अर्ध्या चंद्रासारखे आहेत, कडा स्वच्छ, धार कुठंही वळलेली नाही. म्हणजे स्टील मऊ नव्हतं, उलट या कामाला जास्तच कडक होतं. आपण बोलताना कडक आणि चिवट एकच समजतो आणि इथंच फसतो. पापड कडक असतो, काथ्याची दोरी चिवट असते. घाव घालायच्या हत्याराला दोरीचा गुण जास्त लागतो.

डी-टू हे मुळात पत्रा कापायच्या, ठोकून आकार द्यायच्या डायसाठी केलेलं स्टील. कार्बन साधारण दीड टक्का, क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास. त्यामुळं आत कार्बाइडचे मोठे कडक दाणे तयार होतात, ते झिजत नाहीत म्हणून धार खूप टिकते, पण आडवा धक्का बसला की तडा त्या दाण्यांच्या बाजूनंच धावतो. मांस कापायला, दोरखंड कापायला उत्तम स्टील आहे ते, बांबूच्या गाठीवर आपटायला नाही. गाडीच्या पाट्याचं स्टील बघ, कार्बन जेमतेम अर्धा ते पाऊण टक्का, आणि त्याचं आयुष्यच खड्ड्यांवर वाकून परत सरळ होण्यात जातं. बाबांचा कोयता टिकला यात मला काही नवल वाटत नाही.

पण म्हणून पाटा म्हणजे चांगलाच असंही धरून चालू नकोस. स्टीलचं नाव निम्मं काम करतं, उरलेलं निम्मं आगीत होतं. लोहार पातं लाल करतो, ते साधारण 770 अंशांवर गेलं की लोहचुंबक चिकटेनासं होतं, त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं, याला आपण पाणी देणं म्हणतो. त्या क्षणी पातं काचेसारखं असतं, हातातून चिऱ्यावर पडलं तरी तुकडे होतील. मग ते घासून पांढरं करून पुन्हा हलकं तापवायचं आणि रंग बघत बसायचं: आधी फिकट पिवळा, 220-230 अंशांना, मग तपकिरी, 270-280 ला जांभळा, 300 च्या जवळ निळा. कोयत्याला धारेकडं तपकिरी-जांभळा आणि पाठीकडं निळा आला की चांगलं. जो लोहार घाईत हे दुसरं तापवणं गाळतो त्याचा कोयता पहिल्याच उन्हाळ्यात दात टाकतो, मग तो कुठल्या का पाट्याचा असेना.

आता एक बघायची गोष्ट. तुटलेल्या जागी उजेडात भिंग धरून बघ. पोत राखाडी, मखमलीसारखा बारीक असेल तर तापवणं बरोबर झालंय. साखरेसारखे चमकणारे जाड दाणे दिसले तर पातं बनवतानाच जास्त तापलं होतं, ते कितीही घासलंस तरी पुन्हा तुटत राहणार. तुझ्या फोटोत मला तरी पोत बारीक दिसतोय, म्हणून तर म्हटलं वाया गेली नाही.

दुरुस्ती सोपी आहे पण सावकाश. ग्राइंडरवाल्याकडं अजिबात देऊ नकोस. कोरड्या चाकावर धार निळी पडली की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, आणि ते डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जाड दगडावर पाणी घालत दाते निघेपर्यंत घास, नखाएवढा दाता पूर्ण नाही गेला तरी चालेल, पुढच्या दोन-तीन वेळेला निघून जाईल. मग कोन बदल. कारखान्यातून अशा सुऱ्या बऱ्याचदा पातळ कोनात येतात कारण दुकानात कागद कापून दाखवायचा असतो. तोडायच्या हत्याराला एका बाजूनं 22 ते 25 अंश हवेत. कोन मोजायला काही आणायची गरज नाही, वहीच्या कागदाचा काटकोनातला कोपरा एकदा दुमडला की 45 आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस, तो दगडावर उभा करून पात्याला टेकव, हाताला सवय होते.

आणि बांबू तोडायची पद्धत. बाबांचा हात नीट बघ. ते गाठीवर मारत नाहीत, दोन गाठींच्या मध्ये मारतात, आणि घाव सरळ आडवा न घालता तिरका घालतात. सुक्या बांबूच्या सालीत सिलिका असते, वाळूतलाच पदार्थ तो, धार खाऊन टाकतो. पण दाते पडतात ते बहुतेक वेळा घाव बसताना नाही, पातं अडकल्यावर आपण डावीउजवीकडं हिसडा देतो तेव्हा. अडकलं तर ज्या रेषेत गेलं त्याच रेषेत पाठीमागं ओढून काढायचं. पाठीवर लाकडी दांडका मारून सरपण फोडलंस तर हरकत नाही, लोखंडी हातोडा मात्र कधीच नको.

माझा स्वतःचा एक कोयता तुटलाय, ते सांगतो कारण त्यातून मी सगळ्यात जास्त शिकलो. जूनमध्ये पडलेली आंब्याची फांदी तोडत होतो, तिसऱ्या घावाला पातं मुठीजवळून सुटलं आणि पुतण्याच्या पायापासून हातभर अंतरावर मातीत रुतलं. रात्री झोप लागली नाही मला. सकाळी तुकडा बघितला, तर पातं जिथं निमुळतं होऊन मुठीत जातं तिथला कोपरा कानशीनं काटकोनात कापलेला होता आणि त्या कोपऱ्यातून आत जुना काळा गंज गेलेला. म्हणजे तडा कित्येक महिन्यांपूर्वीच पडला होता, मला दिसला नव्हता. तेव्हापासून कुठलंही पातं घेताना मी पहिल्यांदा तो कोपरा बघतो. गोलाई हवीच, काटकोन दिसला की ठेवून देतो. शक्य असेल तर पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध असलेलं घ्यावं.

कोणी टफ म्हणून विकत असेल तर टफ म्हणजे काय ते विचारावं. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी म्हणून लोहारांची संस्था आहे, 1976 ची. त्यांच्या परीक्षेत एकच सुरी आधी टांगलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात कापते, मग लाकडाची फळी दोनदा तोडते, त्यानंतरही हातावरचे केस काढण्याइतकी धार राहावी लागते आणि शेवटी ती शिकंज्यात धरून 90 अंशात वाकवतात. या चारही गोष्टी एकाच पात्यानं केल्या तर त्याला चिवट म्हणायचं. नुसतं 60 रॉकवेल लिहिलंय म्हणून नाही, रॉकवेल हे कडकपणाचं माप आहे, तोडायच्या कोयत्याला 54 ते 57 पुरेसं आहे.

प्रश्न (पेडण्याहून एक वाचक ताई): म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कोयता आणला, काजूचे बोंडू कापले तर दुसऱ्या दिवशी पातं काळंनिळं झालं. लोखंड खराब आहे का? स्टेनलेस घ्यायला हवा होता का?

उत्तर: ताई, लोखंड अजिबात खराब नाही. बोंडूच्या रसात टॅनिन असतं, ते लोखंडाला लागलं की शाईसारखा काळानिळा रंग येतो, त्यानं पात्याला काही होत नाही. तांबडा गंज मात्र होऊ देऊ नका. काम झालं की लगेच धुवा, पुसा, चुलीजवळ पाच मिनिटं ठेवून पूर्ण कोरडं करा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. आपल्याकडं 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या चार महिन्यांत चामड्याच्या म्यानात कोयता ठेवायचाच नाही, चामडं ओल धरून ठेवतं. खुंटीला उघडा टांगा, पोरांच्या हाताला लागणार नाही इतका वर. झुडपं तोडायला स्टेनलेस हवंच असं काही नाही, घरच्या दगडावर दहा मिनिटांत धार येणारं साधं कार्बनचं पातं मला जास्त आवडतं.

प्रश्न (फोंड्याहून): पावसाळ्यानंतर म्हादईच्या जंगलात ट्रेकला जाणार आहोत, वाट करायला 12 इंचाची सुरी नेली तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. म्हादई अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणं अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाता येत नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांतही 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा वेगळा उल्लेख आहे, शेतीच्या आणि घरच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत, पण बागायतीतला कोयता आणि ट्रेकच्या बॅगेतली सुरी हे पोलिसांच्या नजरेत एक नाही. शिवाय तिथं वाट करायचीच नाही, असलेल्या वाटेनं जायचं. दोर, टॉर्च आणि तीन इंचांचा घडीचा चाकू एवढ्यात दोन दिवस आरामात निघतात.