देव हृदय पाहतो म्हणतात, मग बांगड्या-मंगळसूत्र का उतरवायला लावतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की काही दिवसांपासून तुम्ही एका प्रार्थना मंडळीत जाताय, आणि तिथल्या बायकांनी तुम्हाला टिकली, बांगड्या, मंगळसूत्र उतरवायला सांगितलं. कारण काय, तर 'देव बाहेरचं रूप पाहत नाही, हृदय पाहतो'. असं बायबलमध्ये खरंच आहे का, हा तुमचा प्रश्न.

वचन बायबलमधलंच आहे. फक्त ते तुम्हाला उलट्या बाजूने ऐकवलं गेलंय. देव जर बाहेरचं बघतच नसेल, तर तुमच्या बांगड्या मोजतंय कोण?

मी नगरकडची, पिढीजात ख्रिस्ती. ही गोष्ट आम्हाला संडे स्कूलमध्येच पाठ झालेली असते. १ शमुवेल, अध्याय १६. शौल राजा देवाच्या मनातून उतरलाय. नवा राजा निवडायला शमुवेल संदेष्टा बेथलेहेमात इशायाच्या घरी येतो. थोरला मुलगा अलियाब समोर येतो, उंचापुरा, रुबाबदार. शमुवेलाला वाटतं, हाच तो. तेवढ्यात देव त्याला अडवतो: याच्या रूपावर जाऊ नकोस, उंचीवर जाऊ नकोस, माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. उंचीचा उल्लेख उगाच आलेला नाही. शौलसुद्धा सगळ्या लोकांपेक्षा खांदाभर उंच होता, आणि त्याला लोकांपुढे उभं करून 'याच्यासारखा दुसरा कुणी आहे का' असं म्हणणारा हाच शमुवेल होता. मग एकामागून एक सात मुलगे पुढून जातात. एकही नाही. आठवा, दावीद, रानात मेंढरं राखतोय, आणि शेवटी निवड होते ती त्याचीच. घरी एवढा मोठा पाहुणा आलाय, तरी त्याला बोलावणं धाडावं असं बापालाही सुचलेलं नाही.

आता सांगा, कानउघाडणी कुणाची झाली? अलियाबाला कुणी 'अंगरखा बदलून ये' म्हटलं नाही. बोलणी बसली ती बघणाऱ्याला, आणि बघणारा इस्राएलातला सगळ्यात मानाचा संदेष्टा होता. गंमत म्हणजे दावीद आत येतो तेव्हा त्याच अध्यायात त्याच्या तांबूस रंगाचं आणि सुंदर डोळ्यांचं वर्णन आहे. म्हणजे देखणेपण काही त्याच्या आड आलं नाही. माझ्या मते या वचनाचा सगळा रोख दुसऱ्याला पारखायला बसलेल्या माणसावर आहे. समोर उभ्या असलेल्याच्या अंगावर काय आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता तुम्हाला बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र, अध्याय ३ दाखवलं जाईल, तयारी ठेवा. तिथे बायकांना सांगितलंय की तुमची शोभा केस गुंफण्याची, सोनं घालण्याची, पोशाखाची अशी बाहेरची नसावी. सौम्य आणि शांत आत्म्याची, आतली शोभा असावी. हे शब्दशः पाळायचं तर सोन्याबरोबर वेणीही गेली. पौलाने तीमथ्याला लिहिलंय त्यात तर मोती आणि महागडी वस्त्रंही आहेत. मंडळीत साडीची किंमत कुणी विचारतं का? यादीतला एक जिन्नस उचलायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे, हा माणसाचा जुना छंद.

तरी दागिने उतरवणाऱ्यांना मी हसत नाही. मजुरी करणाऱ्या बाया ज्या मंडळीत जास्त असतात, तिथे शेजारणीच्या गळ्यातल्या साखळीकडे बघत उपासनेला बसावं लागत नाही, हे सुख लहान नव्हे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई साध्या पांढऱ्या साडीत वावरल्या, ते कुणी लादलं म्हणून नव्हे. आणि त्यांच्यावर लादायला गेलं की काय व्हायचं, तेही बघण्यासारखं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या शाकाहारीच राहिल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना यात जातीचा अभिमान दिसायचा. रमाबाईंनी पत्रातून ठणकावून कळवलं की पूर्वजांच्या चालीरीती मी होईल तितक्या पाळणार. तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत छापलाय. मिळाला तर वाचा, बाईंची लेखणी भलतीच धारदार आहे.

साधेपणाचाही गणवेश होतो. इंग्लंडातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं तेच झालं. भपका नको म्हणून साधे कपडे घालू लागले, आणि हळूहळू कोणता रंग चालेल, कोणता नाही यावरून एकमेकांना टोकू लागले. मार्गारेट फेल ही त्या पंथाच्या सुरुवातीपासूनची बाई, संस्थापक जॉर्ज फॉक्सची पत्नी. ऐंशी उलटून गेल्यावर, १७०० मध्ये, तिने आपल्याच लोकांना लिहिलं: सगळ्यांनी एकाच रंगाचे, एकाच तऱ्हेचे कपडे घालायचे, ही कसली भिकार सुवार्ता!

आता हृदय बघणं व्यवहारात कुठे कमी पडतं, ते सांगते. आमच्याकडे हंगामाच्या सणाला उपासनेनंतर लिलाव असतो. भोपळे, ज्वारीची पायली, एखादी कोंबडी, कुणी घरचे लाडू आणतं. एका वर्षी एक आजी लवकर येऊन पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. विटलेलं लुगडं, मांडीवर गवारीची पिशवी. पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी उशिरा आले, तशी मंडळीतल्या एकाने आजींना 'मावशी, जरा मागे सरका' म्हणून उठवलं. मागे खुर्ची रिकामी नव्हती. आजी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि पिशवी मात्र कुणीतरी तत्परतेने त्यांच्या हातातून घेऊन लिलावाच्या टेबलावर ठेवली. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा: सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत येतो, त्याला चांगली जागा, मळक्या कपड्यातला गरीब येतो, त्याला 'तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस'. याकोब अंगठीवाल्याला अंगठी काढ म्हणत नाही. जागा दाखवणाऱ्यांना मात्र तो सोडत नाही.

आता तुमचं काय. टिकली आणि मंगळसूत्राला त्या बायका खरं तर हिंदू खूण समजत असतील. तसं असेल तर तो विषय वेगळा आहे, आणि त्यावर ख्रिस्ती लोकांतच एकमत नाही. आमच्यात कित्येक घरांत काळ्या मण्यांत क्रूस ओवलेलं मंगळसूत्र घालतात. कुठे फक्त अंगठी, कुठे दोन्ही. तेव्हा त्यांना थेट विचारा की अडचण दागिन्याची आहे की खुणेची. खुणेची असेल तर त्यांनी तसं सरळ सांगावं, शमुवेलाच्या वचनाआड लपू नये. पाळकसाहेबांशीही बोलून घ्या. मंगळसूत्राचं म्हणाल तर त्यात तुमच्या घरच्यांचंही मन गुंतलेलं आहे. कुणाच्या घाईने ते उतरवू नका. आणि ते उतरवल्यावाचून तुम्हाला प्रार्थनेला बसूच दिलं नाही, तर जवळपास दुसरी मंडळी शोधा. आमच्या चर्चमध्ये तरी दारात कुणी गळे तपासत नाही, पुढच्या खुर्च्यांचं तेवढं अजून जमायचंय.