रोजच्या इंग्रजी वाक्यांत फ्रेजल व्हर्ब्ज कसे वापरतात? यादी पाठ केली तर जमेल का?

तुम्ही लिहिलंय की शाळा मराठी माध्यमातली, क्लासने पाचशे फ्रेजल व्हर्ब्जची (म्हणजे साध्या क्रियापदाला अप, ऑफ, आऊट असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या जोड्यांची) छापील यादी दिली आहे, निम्मी पाठ झाली आहे आणि तरी मुलाखतीत एकही तोंडातून निघत नाही. ती यादी बाजूला ठेवा. ‘गेट’खाली गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट बाय, गेट थ्रू अशी रांग लावली की पाचही एकमेकांत मिसळतात आणि परीक्षा झाली की पुसून जातात. मीही मराठी माध्यमाचीच. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते, रोज नाशिकहून जाऊन-येऊन. या विषयावर आमच्या तेव्हाच्या साहेबांशी माझं जे वाजलं ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

फेब्रुवारी महिना, सीझन ऐन भरात. हॉलंडच्या खरेदीदाराचे दोन कंटेनर त्या आठवड्यात जायचे होते. पहिला न्हावा-शेवा बंदराकडे निघाला होता, दुसरा दारात लागलेला. सकाळी खरेदीदाराचा फोन आला. साहेबांनी स्पीकरवर घेतला, मी शेजारी पॅकिंग लिस्ट टाइप करत होते. तो म्हणाला, ‘कॅन यू होल्ड ऑफ ऑन द सेकंड वन? आय विल गेट बॅक टू यू बाय नून.’ साहेब ‘येस, येस, शुअर’ म्हणाले, फोन ठेवला आणि बाहेर जाऊन सुपरवायझरला सांगितलं, ‘दुसरा होल्ड करायला सांगितलाय, म्हणजे माल आपलाच धरलाय त्याने. पक्कं झालं. भरायला घ्या.’

मी म्हटलं, ‘साहेब, तो होल्ड ऑफ म्हणाला. थांबा म्हणतोय. दुपारपर्यंत कळवतो म्हणाला.’

त्यांचं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘ताई, तुम्ही मराठी मीडियमच्या. तुम्ही मेल सांभाळा. फोनवरचं इंग्रजी वेगळं असतं.’ चार माणसांसमोर. पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे प्लास्टिकचे डबे, भरणाऱ्या बायका काचेपलीकडून बघत होत्या.

मी वाद घातला नाही. खुर्चीवर बसले आणि खरेदीदाराला एका ओळीचा मेल टाकला, साहेबांना कॉपीत ठेवून: दुसरा कंटेनर भरायचा थांबवायचा आहे, बरोबर ना? तोवर प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल आधी गार करायच्या, खोलीतून खोकी रचलेले पहिले पॅलेट बाहेर आलेही होते. पाच मिनिटांत उत्तर आलं, हो, कृपया थांबा. पॅलेट पुन्हा आत गेले. बाहेरच्या उन्हात गार झालेल्या द्राक्षावर लगेच पाणी धरतं आणि ओला माल बोटीवर सडतो, म्हणून तेवढ्या वेळातही माझा जीव खाली-वर होत होता. दुपारी त्याचा फोन आला तेव्हा कळलं की अर्ध्या किलोच्या पनेटऐवजी त्याला सुटे घड पिशवीत हवे होते. कंटेनर भरून, सील होऊन रस्त्याला लागला असता तर काय झालं असतं, ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

साहेब चूक झाली असं कधी म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं पुढे असं झालं की त्याने सरळ ‘पोस्टपोन’ म्हणायला हवं होतं. हे होल्ड ऑफ, पुट ऑफ म्हणजे बोलण्यातलं अशुद्ध इंग्रजी, शिकलेली माणसं मोठे शब्द वापरतात. हे मला आजही पटत नाही आणि तुमच्या क्लासवाल्यांनी असं काही सांगितलं असेल तर त्यांचंही पटणार नाही. ‘होल्ड’ आणि ‘ऑफ’ हे इंग्रजीचे घरचे, जुने शब्द आहेत. ‘पोस्टपोन’ लॅटिनमधून आलेला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे कितीतरी पिढ्या दरबार, कायदा आणि विद्या फ्रेंच-लॅटिनमध्ये चालली, म्हणून ते शब्द भारी वाटायला लागले. घरात, बाजारात मात्र साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला अप, ऑफ, आऊट हेच चालू राहिलं. डच, म्हणजे हॉलंडच्या माणसाला तर हे उपजतच येतं. फोन करणे या अर्थाचं त्यांचं क्रियापद ‘ऑपबेलन’, आणि वाक्यात ‘बेल’ आधी येतो, ‘ऑप’ सुटून शेवटी जातो.

आता तुमचं. अर्थ बऱ्याचदा त्या शेपटाच्या शब्दात असतो. होल्ड ऑन म्हणजे जरा थांबा, होल्ड अप म्हणजे खोळंबा, होल्ड बॅक म्हणजे आवरून धरणं, होल्ड ऑफ म्हणजे तूर्त करू नका. साहेबांनी ‘होल्ड’ ऐकला आणि कान बंद केले. तुम्ही उलटं करा, शेपूट आधी ऐका. आपल्याला हे अवघड जाऊ नये. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’, ‘सांग’ आणि ‘सांगून ठेव’, ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’, यांतला फरक आपल्याला कुणी यादी देऊन शिकवला नाही. ईट अप, यूज अप, क्लीन अप यांतला ‘अप’ पुष्कळदा आपल्या ‘टाक’चंच काम करतो: काम पुरं करून मोकळं होणं.

दुसरं, शब्दांचा क्रम. ‘फिल आऊट धिस फॉर्म’ आणि ‘फिल धिस फॉर्म आऊट’ दोन्ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘फिल इट आऊट’. ‘फिल आऊट इट’ कुणी म्हणत नाही. उलट ‘लुक आफ्टर’, ‘लुक इन्टू’ यांच्या मधे काही घुसवता येत नाही: ‘वी आर लुकिंग इन्टू इट’. म्हणून क्रियापद एकटं लिहू नका, वहीत ‘इट’सकट अख्खं वाक्य लिहा, आणि तेही आपल्या कामातलं. मी गाडीवाल्यांचे, शिपिंग लाइनचे, खरेदीदारांचे फोन ऐकून वाक्यं उतरवत गेले. ‘द ट्रक हॅज ब्रोकन डाऊन.’ ‘वी हॅव रन आऊट ऑफ बॉक्सेस.’ ‘प्लीज सॉर्ट इट आऊट टुडे.’ ही विसरता येत नाहीत, कारण त्या त्या वेळी घाम फुटलेला असतो.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कुठल्याही कारखान्यात ब्रेकडाऊन, सेटअप, शटडाऊन, फॉलोअप, हँडओव्हर हे शब्द मराठीसारखे फिरतात. म्हणजे अर्धा साठा तुमच्याकडे आहेच. फक्त ती नामं आहेत. क्रियापद करताना शब्द सुटे होतात आणि काळ पहिल्या शब्दाला लागतो. ‘द मशीन ब्रेकडाऊन्ड’ नाही, ‘द मशीन ब्रोक डाऊन’. नाम असेल तर जोर ‘ब्रेक’वर, क्रियापद असेल तर ‘डाऊन’वर. एवढं एक जरी कानाला लावलंत तरी समोरच्याला तुमचं बोलणं सोपं जाईल. हे मला कुठल्या क्लासमध्ये सांगितलं नव्हतं.

तरी दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. शेपटावरून अर्थ दर वेळी लागत नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे ‘अप’वरून कुणाच्या बापाला कळणार नाही. असे जे असतील ते पाठच करावे लागतात. करारात, कोर्टाच्या कागदात, प्रबंधात लॅटिन वळणाचे शब्द शोभतात, तिथे साहेबांचं खरं आहे, पण फोनवर नाही. आणि नको तिथे शेपूट लावू नका: ‘कोप अप विथ’ नाही, नुसतं ‘कोप विथ’.

मुलाखत परदेशी कंपनीत असेल तर ‘आय पास्ड आऊट इन 2019’ टाळा. आपल्याकडे सगळे म्हणतात, पण तिकडच्या माणसाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं ऐकू येतं. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. नंतरच्या मेलमध्ये ‘लुक फॉरवर्ड टू’ लिहाल तर पुढे ‘हिअरिंग फ्रॉम यू’ लिहा, ‘हिअर’ नाही. आणि मुलाखतीत कुणी माध्यम विचारलं तर मराठी असं स्पष्ट सांगा, आवाज न उतरवता.