पर्सनल लोन थकलंय, बँक कोर्टात जाण्याआधी सेटलमेंट कशी करावी?

आठ हप्ते थकलेत, वकिलाची नोटीस आली आहे आणि वसुलीवाला फोनवर म्हणतोय, "आज एवढे भरा, खातं बंद करून देतो." तर भरावेत का, असं तुम्ही विचारलंय. नाही. बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत एक रुपयाही भरू नका. सूट देण्याचा अधिकार वसुलीवाल्याला नसतो, तो बँकेच्या अधिकाऱ्याला असतो.

थकबाकीच्या किती टक्क्यांत तडजोड होईल हे सगळेच विचारतात. सरसकट भाव नसतो, आणि जो ठामपणे आकडा सांगतो तो ठोकून देतो. कर्ज विनातारण आहे का, एनपीए (बँकेच्या हिशेबी बुडीत खातं) होऊन किती काळ झाला, तुम्ही एकरकमी देताय की हप्त्यांनी, यावर ते ठरतं. एकरकमी देणाऱ्याला जास्त सुटतं.

माझा खरा राग पत्र न वाचण्यावर आहे. एक फाईल डोळ्यांसमोर आहे. साडेचार लाखांची थकबाकी, दोन लाखांत चार हप्त्यांनी तडजोड, पत्र अस्सल. तीन हप्ते वेळेत गेले. चौथ्याचा चेक त्या गृहस्थांनी शनिवारी संध्याकाळी टाकला, मुदत रविवारची, पैसे मंगळवारी जमा. पत्राच्या दुसऱ्या पानावर तळाशी ओळ होती: कोणताही हप्ता ठरल्या तारखेला जमा न झाल्यास सवलत रद्द, भरलेली रक्कम मूळ थकबाकीत वळती. दीड लाख व्याज आणि दंडात जिरले, आणि बँकेने उरलेली सगळी रक्कम मागितली. ही अट बहुतेक पत्रांत असते. होकार देण्याआधी हप्त्यामागे सात दिवसांची सवड लिहून मागा, आणि चेक नको, एनईएफटी (खात्यातून खात्यात ऑनलाइन) करा.

पत्रात काय हवं: लोन खाते क्रमांक, तडजोडीची रक्कम आकड्यांत आणि अक्षरी, तारखा, "पूर्ण व अंतिम परतफेड" हे शब्द, उरलेली रक्कम माफ, नो ड्यूज (काही देणं उरलं नाही असा दाखला) किती दिवसांत देणार, हमीपोटी दिलेले सिक्युरिटी चेक परत आणि एनएसीएच मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी) रद्द, दावा किंवा लवाद सुरू असेल तर मागे, आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा. पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल तर शाखेत जाऊन किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून खात्री करा. पैसे तुमच्या खात्यातून थेट लोन खात्यात, यूटीआर (त्या व्यवहाराचा) नंबर जपून. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कदापि नाही.

प्रस्ताव शाखा आणि नोडल अधिकारी (बँकेचा तक्रारी बघणारा) दोघांनाही लेखी द्या: नोकरी गेली की आजारपण, त्याची कागदपत्रं, आणि खरोखर उभी राहील ती रक्कम. पहिल्याच पत्रात तुमची कमाल सांगू नका. कर्ज जुनं असेल तर जपून. मुदतीच्या कायद्यानुसार बँकेला दावा लावायला असलेली तीन वर्षांची मुदत संपण्याआधी सही करून कर्ज कबूल केलंत किंवा थोडी रक्कम भरून त्याची लेखी नोंद राहिली, तर ती तीन वर्षं पुन्हा सुरू होतात.

"सेटलमेंटच्या कागदाला अर्थ नसतो, बँक नंतर उरलेलं मागतेच," असं म्हणणाऱ्यांशी मी बरीच वर्षं भांडतोय. करार कायदा १८७२, कलम ६३ वाचा. धनको (कर्ज देणारा) कमी रक्कम घेऊन पूर्ण फेड झाली असं मान्य करू शकतो, आणि मग उरलेल्यावर त्याचा हक्क राहत नाही. अर्थ नसतो तो तोंडी सेटलमेंटला. आणखी पक्कं हवं असेल तर दावापूर्व (कोर्टात दावा लागण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीत न्या. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही.

आता तोटे. क्रेडिट रिपोर्टवर "क्लोज्ड" नाही, "सेटल्ड" असं येतं, आणि पुढची कर्जं अवघड होतात. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तीच बँक तुम्हाला किमान १२ महिने नवं कर्ज देत नाही. त्यामुळे वर्षभरात पूर्ण रक्कम फेडणं शक्य असेल तर फक्त दंड माफ करून घ्या, सेटलमेंट नको. चेक बाउन्सची नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून तो काळ थांबत नाही, तेव्हा आधी तिकडे बघा. आणि घर तारण असेल तर सरफेसीची (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा कायदा) ६० दिवसांची नोटीस वेगळीच चालते, तिथे वकील गाठा.