फोनला 'अण्णांना फोन लाव' म्हटलेलं कळतं कसं? आणि तो कायम आपलं ऐकत असतो का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. ऐकत असतो, पण सगळं समजून घेत नसतो. फोनमध्ये एक छोटा प्रोग्राम चालू असतो, त्याला फक्त 'हे गूगल' नाहीतर आयफोनवर 'हे सिरी' ही हाक एवढीच ओळखायचं काम, बाकीचं तो पुसत जातो. तो शब्द आला असं वाटलं की पुढचं रेकॉर्ड होतं आणि बऱ्याचदा नेटवरून कंपनीच्या सर्वरवर, म्हणजे त्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जातं. टीव्हीच्या आवाजानं पण कधी चुकून चालू होतो, त्यामुळं नको असेल तर सेटिंगमध्ये बंद करा.

आता कळतं कसं ते. तुमचा आवाज सेकंदाला साधारण 16,000 वेळा मोजून त्याचे आकडे केले जातात, त्याचे बारीक बारीक तुकडे पाडून कुठल्या तुकड्यात कुठला उच्चार असेल याचा अंदाज बांधला जातो. नुसत्या उच्चारावर भागत नाही, म्हणून कुठल्या शब्दामागं कुठला शब्द येतो हे पण बघतात. 'तासगावला किती वेळ लागंल' म्हटल्यावर 'तास' आणि 'गावला' असं न तुटता गावाचं नाव येतं ते त्यामुळंच. मग वाक्यातनं दोनच गोष्टी काढायच्या, काम काय तर कॉल, कुणाला तर अण्णा. पुढं नंबर शोधून कॉल लावायचं काम फोनचं नेहमीचं कॉलिंगच करतं.

घोळ होतो तो इथंच. आपल्या सांगलीकडं एकेका फोनमध्ये चार अण्णा असतात, आणि नावं इंग्रजी अक्षरात कशीपण सेव्ह केलेली. आमच्या आजीला वाचता येत नाही, तिच्या फोनमध्ये मी सगळी नावं ती हाक मारते तशीच मराठीत टाकली, 'विट्याची आक्का', 'हळदवाले अण्णा', फोनची भाषा पण मराठी केली. आता ती कुणाला न विचारता स्वतः फोन लावते, आणि मला विचाराल तर या सगळ्या टेक्नॉलॉजीचा खरा उपयोग असल्या माणसांनाच आहे. तुमच्या घरात कुणी असं असेल तर एवढं करून द्याच, आणि त्यांना सांगा की मिक्सर चालू असताना बोलू नका, फोन तोंडाजवळ धरून पूर्ण नाव एका दमात म्हणा.