गिअरबॉक्स गळतोय, म्हणून सहा लाखांचं कर्ज?

सांगलीच्या एक शिक्षिका विचारतात: "माझी नोव्हेंबर २०१४ला नोंदवलेली पेट्रोल ऑटोमॅटिक ग्रँड आय१० ८२ हजार किलोमीटर चालली आहे. महिनाभर पार्किंगच्या फरशीवर लालसर तेलाचे डाग पडतायत. गाडी छान चालते, गिअर बदलताना झटका नाही. गॅरेजवाले म्हणतात, गिअरबॉक्स खोलून ओव्हरहॉल करावा लागेल, ४६ हजार. शोरूममध्ये एक्स्चेंजला ९० हजार देतात. नवी ऑटोमॅटिक घ्यायची तर सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, साडेनऊ टक्क्यांनी. वरची रक्कम एफडी मोडून. १९९८ला नोकरीला लागले, मे २०२९मध्ये निवृत्त होते आहे. काय करू?"

ताई, दोन्हीकडून आकडे आले, पण तेल नेमकं कुठून येतंय हे कुणीच सांगितलेलं नाही. ते कळेपर्यंत कुठेही सही करू नका. ना गॅरेजच्या जॉबकार्डवर, ना कर्जाच्या अर्जावर.

लालसर तेल म्हणजे बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच. तुमच्या गाडीचं स्टिअरिंग विजेवर चालतं, त्यात तेल नसतं, त्यामुळे ती शंका मिटली. आता प्रश्न जागेचा. ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, गिअरबॉक्समध्ये जिथे शिरतो तिथलं ऑइल सील, कव्हरचा किंवा पॅनचा जोड, तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या क्लिपा, नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथलं, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागाचं) सील. पहिल्या तिन्हींसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही. चौथ्यासाठी लागतो, आणि मजुरी तिथेच वाढते. पण तेव्हासुद्धा उतरवणं वेगळं आणि ओव्हरहॉल वेगळा. ओव्हरहॉल लागतो तो आतल्या क्लचप्लेटी झिजल्यावर: गाडी रेस होते पण ओढत नाही, डी टाकल्यावर क्षणभर अडखळते, झटका देते. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

म्हणून दुसऱ्या, फक्त ऑटोमॅटिकचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे जा. गिअरबॉक्स खालून धुऊन पुसून घ्यायचा, वीस-तीस किलोमीटर फिरवून गाडी लगेच लिफ्टवर घ्यायची आणि ओल कुठून सुरू होते ते बघायचं. सर्वात खालचा थेंब फसवतो, कारण धावत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरतं. सर्वात वरचा ओला भाग शोधायला सांगा. ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी वाट, चोंदला असेल तर आत दाब वाढून चांगलं सीलही गळतं, तोही बघू द्या. गरम गाडीत, इंजिन चालू ठेवून तेलाची लेव्हल तपासून घ्या. थोडं तेल बोटावर घेऊन वास घ्या. काळपट आणि करपट असेल तर गोष्ट वेगळी. या तपासणीचे हजार-दीड हजार रुपये खुशाल द्या. तोवर लांब जाऊ नका. कमी तेलावर चालवलेला गिअरबॉक्स जळतो, आणि मग ४६ हजारही पुरत नाहीत.

आता कर्ज. सहा लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १२,६००च्या आसपास, व्याजच दीड लाखाच्या वर. तुम्ही म्हणाल, नवी गाडी अ‍ॅव्हरेज चांगलं देईल. महिन्याला ६०० किलोमीटर धरू. आजचं १३चं अ‍ॅव्हरेज १९वर गेलं तरी वाचतं चौदा-पंधरा लिटर पेट्रोल, म्हणजे दीड हजार रुपये. पेट्रोल वाचवायला १२,६०० भरायचे?

मला जास्त खटकतं ते हे: आज घेतलेलं कर्ज २०३१पर्यंत चालेल, तुमचा पगार मे २०२९ला थांबेल. तुम्ही १९९८ला लागलात म्हणजे जुनी पेन्शन आहे, पण ती शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. तिचा काही भाग विकलात, म्हणजे त्याऐवजी एकरकमी पैसे घेतलेत, तर हातात येणारी आणखी कमी. त्यातून दोन वर्षं हप्ता काढायचा, आणि अडीअडचणीची एफडी आधीच मोडलेली. हे मला अजिबात मान्य नाही.

गाडीची नोंदणी नोव्हेंबर २०२९पर्यंत आहे. तोपर्यंत ही गाडी नेता आली तर ग्रॅच्युइटी हातात आल्यावर निवांत ठरवता येईल. म्हणून माझी मर्यादा वीस हजार. सील, नवं तेल, मजुरी धरून त्याच्या आत बसत असेल तर डोळे झाकून करा. विमा कंपनीकडे जाऊ नका; झिजेला क्लेम मिळत नाही. "गळती थांबवणारं" औषध ओतू देऊ नका. बिलावर तेलाचा ग्रेड लिहून घ्या, मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच. जुन्या सीलच्या जागी शाफ्टवर खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल, हे मेकॅनिकला आधीच विचारा.

तेल करपलेलं निघालं किंवा खर्च वीस हजारांच्या वर गेला, तर दुरुस्ती न करता, गळती सांगून, गाडी विका. मग चांगली सेकंडहँड बघा, कर्ज इतकंच की मे २०२९च्या आत फिटेल. तेव्हा विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मात्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि तुमचा ५० टक्के बोनस पुढच्या गाडीला लागतो. शोरूममध्ये हे आपणहून क्वचितच सांगतात.