आधी डोळा

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

गाठीच्या ऑपरेशननंतर तुझा अर्धा चेहरा लुळा पडला, आणि तुझ्या पत्रात हसण्याबद्दल दोन पानं आणि न मिटणाऱ्या डोळ्याबद्दल एकच ओळ: 'लाल होतो, पण दुखत नाही.' काळजीची ओळ तीच. कानाच्या नसेवरची गाठ काढताना चेहऱ्याची संवेदना नेणारी शेजारची नस दुखावली असेल, तर कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बधिर होतो. व्रण पडला तरी कळत नाही. म्हणून आधी डोळा. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन त्यानंतर.

तोवर दिवसा थेंब. रात्री जाड मलम घालून, पापणी नीट मिटवून वर टेप. कापसाचा पॅड नको. आत डोळा उघडला की तो कॉर्नियावर घासतो.

डोळा मिटावा म्हणून वरच्या पापणीत सोन्याचं वजन बसवतात, बहुधा १.२ ग्रॅमच्या आसपास. आधी बाहेरून चिकटवून बघतात: डोळा मिटला पाहिजे, समोर बघताना पापणी झुकता कामा नये. आडवं झालं की हेच वजन पापणी उघडी ओढतं, म्हणून उशी उंच घ्यायची आणि रात्रीचं मलम सोडायचं नाही. पुढे चेहऱ्याची नस जागी झाली तर वजन काढता येतं.

आता हसू. मांडीतला स्नायू गालात बसवून घ्यायची एवढी घाई का? नसेविना चेहऱ्याचे स्नायू साधारण १२ ते १८ महिने तग धरतात. तुझे दहाच झालेत. ईएमजीत, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीत, ते जिवंत दिसले, तर जबड्याच्या मॅसेटर स्नायूची नस चेहऱ्याच्या नसेला जोडता येते. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे हालचाल दिसायला चार-सहा महिने. सुरुवातीला दात आवळल्यावरच ओठ हलतो. पुढचं काम आरशासमोरच्या सरावाचं. पण कॉर्निया बधिर निघाला तर मॅसेटरची नसही तपासून घे, ती आणि कॉर्नियाची नस, दोन्ही एकाच नसेच्या फांद्या. दात आवळ, गालांवर बोटं ठेव; दोन्हीकडे सारखं टणक लागतं का? बघ, इथेही आधी डोळाच!

मुदत उलटली तर मांडीचा ग्रॅसिलिस आहेच. त्यासाठी बहुतेकदा पायाची सुरल नस चांगल्या बाजूकडून ओठावरून पलीकडे न्यायची, नऊ-बारा महिने थांबायचं, मग स्नायू. लग्नाच्या तारखेत हे बसणार नाही. थ्रेड लिफ्टच्या जाहिराती तर बघूच नकोस. दोऱ्याने लुळा गाल हलत नाही.

मला हट्टी म्हणतात. म्हणोत. हसू वर्षभर उशिरा आलं तरी चालतं, डोळ्यात फूल पडलं की नजर गेली.

ऑपरेशनच्या नोट्स मागून घे. नस अखंड राहिली की कापली गेली, ते त्यात असतं. आणि कॉर्नियाची संवेदना तपासली का, ते आधी कळव.